बर्फमामूंच्या काचा

दुबईच्या जुलैत, भर दुपारी एक वाजता, माकडटोपी घालून रस्त्याने चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोक्याला लोकरीची माकडटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, गळ्याला मफलर. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. कंपनीच्या बसमधून उतरून मी सावली शोधत होते आणि समोरून हे ध्यान डुलत डुलत येत होतं. मी मूळची सांगलीची, तोंडाची फटकळ. इथं आपलं मराठी कोणाला कळतंय, अशा समजुतीत मी मोठ्यानं म्हणाले, "अगंबाई, या म्हाताऱ्याला कुणीतरी दवाखान्यात न्या रे!"

ध्यान थांबलं. मफलर हनुवटीखाली ओढून म्हणालं, "न्यायला हरकत नाय गो. पण दवाखान्यात एसी फार असतो."

हे बर्फमामू. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. आमच्या कोल्ड स्टोअरची यंत्रं, पाइप, दारं, फरशा सगळं त्यांच्या ताब्यात. आत वजा पंचवीस, बाहेर सेहेचाळीस, आणि दिवसातून वीस वेळा आत-बाहेर. कपडे काढायचे कधी नि घालायचे कधी, म्हणून ते काढतच नसत. मल्याळी, नेपाळी, पाकिस्तानी, सगळे त्यांना मामूच म्हणत. मला मात्र त्यांनी त्या दिवसापासून 'सांगलीवाली' केलं. "तोंडात मिरची कांडून येता तुम्ही तिकडून," असं वर.

माझं काम ऑफिसातलं. कुठल्या खोलीत कुठला माल, कुठलं तापमान, त्याच्या नोंदी. नवरा अबुधाबीला, मी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत दोघी बायकांबरोबर एका फ्लॅटमध्ये, भेट शुक्रवार-शनिवारी. नोंदींसाठी मला रोज फ्रीझरच्या खोल्यांत शिरावं लागे आणि बाहेर आले की माझी शिव्यांची लाखोली सुरू व्हायची. "मेली ती थंडी! नाक गळून पडलं माझं! कोणत्या जन्मीचं पाप हे!" मामू दाराशी उभे राहून ते भक्तिभावानं ऐकत. एखाद्या दिवशी मी कमी बोलले तर विचारत, "आज बरं नाय काय गो?"

थंडीतून बाहेर आल्यावर ते लगेच चहाला हात लावत नसत. कप समोर ठेवून पाच मिनिटं नुसते बसायचे. मी एकदा बाहेर आल्या आल्या कपाला तोंड लावलं तर त्यांनी कपच काढून घेतला. "गार दाताला गरम चहा लावशील तर दाताला चिरा जातील. दात काय नि फरशी काय, एकच जात. सावकाश गो. थंडीला घाई चालत नाय." हे शेवटचं वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. आमचा बिजू, फोर्कलिफ्ट चालवणारा, मल्याळी माणूस, त्यालाही ते वाक्य मराठीतच पाठ झालं होतं. 'नाय'सकट.

वाईट बातमीसुद्धा ते असंच थोडी थोडी गार करत देत. माझी रजा नामंजूर झाली तेव्हा सोमवारी म्हणाले, "साहेबाचा मूड बरा नाय." मंगळवारी, "ईदच्या आसपास माणसं कमी पडतात बघ." बुधवारी मी म्हणाले, "मामू, खलास! सरळ सांगा की नाही मिळाली म्हणून." तर म्हणाले, "मी तिथंच येत होतो गो, उद्या." असा राग यायचा मला! पण रजा नाही हे कळेपर्यंत मी अर्धी सावरलेली होते, हेही खरं.

मामूंची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची ती जमिनीची गोष्ट. तरुणपणी ते बोटीवर होते, बोटीतले फ्रीझर सांभाळायला. एका हिवाळ्यात त्यांची बोट पार उत्तरेला, कुठल्याशा रशियन बंदरात दुरुस्तीला अडकून पडली. दुपारचे बारा वाजले तरी अंधार. तिथली जमीन म्हणे खाली खोलवर बारा महिने गोठलेलीच असते. वरचा पापुद्रा तेवढा उन्हाळ्यात सुटतो. एके दिवशी थंडी एकदम वाढली आणि बाहेर बंदुकीचा बार झाला. मामू घाबरून खाली वाकले. बरोबरचा म्हातारा खलाशी हसला आणि बुटानं जमीन दाखवून म्हणाला, ती फाटली.

"थंडीनं आखडते गो जमीन," मामू सांगत. "हळूहळू गार झाली तर सोसते. एकदम गार झाली तर आखडायला जागा नाय, मग फाटते. केसाएवढी फट. उन्हाळ्यात वरचं पाणी त्या फटीत उतरतं, खाली जाऊन गोठतं. झाली बर्फाची पाचर. पुढल्या हिवाळ्यात जमीन परत आखडली तर फाटणार कुठं? तिथंच. परत पाणी, परत बर्फ. असे शेकडो हिवाळे गेले की पाचर माणूस उभा मावेल एवढी होते. उंचावरून बघशील तर सगळीकडे शेतं दिसतात, पाच-सहा बाजूंची, बांध घातल्यासारखी. बांध घालणारा मात्र कोणी नाय."

आम्ही सगळे त्याला मामूंची थाप म्हणत असू. "मामू, आज बंदूक झाली का?" असं बिजूही विचारायचा. मामू चिडत नसत. म्हणत, "इन्शाल्ला तुला ऐकायची वेळ येऊ नये."

कारण तीन नंबरच्या खोलीबद्दल त्यांना भीती होती. वजा पंचवीसची खोली वर्षानुवर्षं एका जागी चालली की गारवा फरशीतून खाली झिरपतो. तो जमिनीत पोचू नये म्हणून फरशीखाली तारा घालून थोडी ऊब देतात. तीन नंबरच्या तारा मेल्यात, असं मामूंचं म्हणणं होतं. खाली समुद्राची ओल, तिचा बर्फ होतोय, आणि तो फरशीला खालून उचलतोय. "वाळवंटात आपण रशियाची जमीन करून ठेवली गो," असं म्हणून ते कपाळाला हात लावत. फरशीवर एक तडा होताच. त्याच्यावर मामूंनी पाच ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, लॅबमध्ये रक्त तपासायला वापरतात तशा. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं तारीख. तडा हलला तर काच तुटणार. रोज जेवणानंतर ते उकिडवे बसून पाचही काचा बघत आणि बाहेर येऊन जाहीर करत, "अखंड."

साहेबांना त्या काचांचा वैताग. साहेब म्हणजे आमचा मॅनेजर, पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, पण वरून सारखा फोन यायचा आणि त्या फोनची सगळी घाई तो आमच्या डोक्यावर ओतायचा. फरशी फोडून खालचं बघू या, म्हणून मामूंनी दोनदा लिहून दिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, रमजाननंतर बघू.

त्या वर्षी तीन नंबरची खोली भिंतींच्या दुरुस्तीसाठी महिनाभर बंद ठेवली होती, म्हणजे ती बाहेरच्यासारखी गरम झाली होती. ती परत गार करायची वेळ आली, आणि नेमकं तेव्हाच मामूंच्या मुलीचं, नसीमचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, बाप सगळं आयुष्य दुबईत. तीन वर्षांत एक दिवस रजा न घेतलेला माणूस पंधरा दिवसांसाठी गावी निघाला. जाताना त्यांनी मला एक वही दिली. कुठल्या दिवशी किती डिग्री, सगळं लिहिलेलं. आधी दोन डिग्रीपर्यंत आणायचं आणि तिथं चार दिवस थांबायचं. मग रोज दोन-तीन डिग्री, जास्त नाही.

"आणि रोज आत जाऊन काचा बघायच्या. बाहेरून विचारून नाय. स्वतः."

"जाते हो मामू. मरू दे माझं नाक."

"आणि मला फोन करायचा."

मामूंचं विमान उडालं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी यंत्रं पूर्ण जोरात लावायला सांगितली. रमजानची कोंबडी बंदरात येऊन पडली होती, ती ठेवायला जागा नव्हती. "यल्ला, चला लवकर, दोन दिवसांत खोली पाहिजे." मी वही दाखवली. साहेब म्हणाले, "अहो, त्यांच्या मुलीचं लग्न आहे. कशाला त्यांच्या डोक्याला ताप? फरशी आहे, बर्फी नाही." आणि मी गप्प बसले. मी, जिनं आयुष्यात कधी तोंड बंद ठेवलं नाही! साहेबांना घाबरले असं नाही. मला खरंच वाटलं, म्हाताऱ्याला मुलीचं लग्न तरी सुखानं करू दे. दोन दिवस मी आत जाऊन काचा बघितल्या, अखंड होत्या. तिसऱ्या दिवशी मला सर्दी झाली, खोली वजा वीसच्या खाली गेली होती, माल लागायला सुरुवात झाली होती. मी काही आत गेले नाही. चौथ्या दिवशीही नाही.

तो चौथा दिवस निकाहचा. दुपारी मी अभिनंदन करायला फोन केला. मागे बायकांची गाणी, भांड्यांचे आवाज. मामू खुशीत होते. मग म्हणाले, "काचा?"

"अखंड. पाचही."

"आत किती हाय?"

"दोन. वहीत आहे तसंच."

मामू शांतपणे म्हणाले, "सांगलीवाली, तू आज थंडीला एक पण शिवी दिली नाहीस. तू आत गेलीच नाहीस."

मी काहीतरी पुटपुटले. मामू म्हणाले, "आत्ता जा. मी फोन धरतो."

मी जॅकेट चढवून आत धावले. बिजू फोर्कलिफ्टवर होता, आणखी दोघं शेवटच्या रॅकखाली खोके लावत होते. मी खाली बसून बघितलं. पहिली काच मधोमध तुटलेली. दुसरी तशीच. चौथी निघून बाजूला पडली होती आणि तड्यात माझं नख सहज गेलं. आठ दिवसांपूर्वी तिथं नखाची कडही अडकत नव्हती.

मी बाहेर येऊन रडतच सगळं सांगितलं. वजा बावीस, माल भरलाय, तीन काचा गेल्या. एकही वेडावाकडा शब्द ते बोलले नाहीत. "माणसं किती आत?"

"बिजू आणि दोघं."

"आधी माणसं बाहेर. मग कुलूप. साहेबाला मग विचार. हा क्रम मोडू नको. आणि फोन बंद करू नको."

मी तसंच केलं. तिघांना ओरडून बाहेर काढलं. बिजू फोर्कलिफ्ट घेऊनच निघत होता, त्याला म्हटलं, "मसणात गेली ती गाडी, तू चालत ये!" कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली, पर्स काखेत मारली आणि साहेबांना बोलावलं. साहेब लालबुंद. बंदरातून आणखी दोन ट्रक निघाले होते. "चावी द्या. आत्ता. नाहीतर तुमची नोकरी खलास." मी म्हणाले, "नाही देत." एवढं बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं पुढे बाळंतपणालाही लागलं नाही.

आणि बार झाला. दाराच्या आड, खालून कुठून तरी, एकच, कोरडा. बिजूनं माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी करकरलं, आणि मग जो धडाड आवाज सुरू झाला तो संपेचना. दार हललं. साहेब तिथल्या एका पालथ्या क्रेटवर मटकन बसले. नंतर दार उघडलं तेव्हा शेवटचा रॅक झुकून कोसळलेला होता आणि बिजूची फोर्कलिफ्ट कोंबडीच्या खोक्यांखाली कुठे होती ते दिसतही नव्हतं. पुढे फरशी फोडली तेव्हा खालची वाळू दगडासारखी गोठलेली निघाली, मध्ये बर्फाचे पांढरे थर. तारा कधीच्या मेल्या होत्या.

फोन माझ्या हातात चालूच होता. "ऐकलं," मामू म्हणाले. "तीच ती. सगळे बाहेर ना?"

"सगळे."

"अल्हमदुलिल्लाह." त्यांच्या मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मग ते लांब गेले. "बरं, ठेवतो गो आता. नसीम गेली."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नंतर कळला. त्यांच्या घरी फोनला रेंज नाही. ती मिळते रस्त्याच्या वळणावर, काजूच्या झाडाखाली. मुलीच्या रुखसतीची, सासरी पाठवणीची वेळ झाली, घरातून तीनदा बोलावणं आलं, आणि हा माणूस फोन कानाला लावून त्या झाडाखालून हलला नाही. मुलीची गाडी त्यांच्या समोरून गेली. एका हातात फोन होता, दुसरा त्यांनी हलवला. डोक्यावर हात ठेवून निरोप द्यायचा राहिला तो राहिलाच.

मामू परत आले ते नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. मी त्यांचे पाय धरायला गेले तर मागे सरकले. "हा, हा, काय करतेस! तू शेवटी आत गेलीस ना? झालं मग. फक्त माझ्याशी खोटं बोलू नको परत. मला ते कळतं, आणि कळलं की चहा गोड लागत नाय." बस, एवढंच. साहेबांनाही ते काही बोलले नाहीत. साहेबांनी मात्र त्यानंतर प्रत्येक खोलीत काचा लावून घेतल्या आणि रोज स्वतः बघू लागले.

दोन वर्षांनी मामू कायमचे गावी गेले. मीही नोकरी बदलली, नवऱ्याला घेऊन अल ऐनला आले. इथल्या एका हॉस्पिटलात औषधांच्या थंड खोल्या माझ्याकडे आहेत. त्या गार करताना मी वही घेऊन बसते आणि नवीन पोरं माझ्या पाठीमागे हसतात, ते मला माहीत आहे. माझ्या मुलाला मामूंच्या जमिनीची गोष्ट सांगितली तर त्यानं फोनवर लगेच शोधून दाखवली. "मम्मा, इट्स ट्रू! लुक!" वरून काढलेला फोटो होता, पाच-सहा बाजूंची शेतं, क्षितिजापर्यंत. मी तो मामूंना पाठवला. उत्तर आलं, "आता त्या बिजूला पण पाठव."

दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा, त्याच झाडाखालून. नमस्कार-चमत्कार नाही. थेट, "काच कशी हाय?" म्हणजे तू कशी आहेस. मी "अखंड" म्हटलं की ते थांबत आणि मी अल ऐनच्या उन्हाला दोन सणसणीत शिव्या घातल्या की मगच पुढे बोलत. मग त्यांची पाळी. त्यांचे वैरी म्हणजे माकडं. नारळ पाडतात, कौलं फोडतात, एकानं तर त्यांची माकडटोपीच पळवली होती. "हलकट! आता गावात मला नि त्याला कोणी वेगळं ओळखत नाय!"

गेल्या वर्षी ते म्हणाले, जरा खोकला हाय. पुढच्या शुक्रवारी, डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. त्याच्या पुढच्या, दवा चालू हाय. मला कळायला हवं होतं की ते दोन-दोन डिग्रीनं उतरतायत. मग एका शुक्रवारी मी विचारलं, "तुमची काच कशी आहे, मामू?"

"अखंड गो. एकदम अखंड. तुझं सांग, पोरगा काय म्हणतो?"

मी बोलत राहिले आणि वाट बघत राहिले. माकडं आलीच नाहीत. ना नारळ, ना कौलं. फोन ठेवला आणि पहिला फोन नसीमला लावला. ती चिपळूणला असते. तिला 'जरा खोकला' एवढंच माहीत होतं. मी म्हणाले, "कशाला, काय, विचारू नको. तवा चुलीवर असेल तर तसाच ठेव आणि निघ." ती संध्याकाळपर्यंत पोचली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी.

पडवीत खाटेवर होते. नुसती हाडं उरली होती. शुक्रवारी त्या झाडापर्यंत कसे गेले असतील, कोण जाणे. मे महिन्याच्या उकाड्यात डोक्याला नवी माकडटोपी. मला बघून डोळे मोठे केले. "तुला कोणी सांगितलं गो?"

"तुम्ही माकडांना शिवी नाही दिलीत."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, नसीमनं पाठ चोळली. जरा दम खाऊन तिला म्हणाले, "बघ, शिकवलं कोणी हिला?"

नसीमला मी त्या रुखसतीबद्दल विचारलंच, आत स्वयंपाकघरात, न राहवून. ती भाकरी थापत होती. "राग होता तुमचा," ती म्हणाली. "खूप होता. पण बिजूभाईचा दर ईदेला फोन येतो, आपल्या बायकापोरांतल्या एकेकाचं नाव घेऊन सांगतात कोण कसं आहे. मग राग टिकत नाही."

मी बाहेर येऊन मामूंजवळ बसले. "आता खरं सांगा. काच कशी आहे?"

"तुटली गो," ते म्हणाले.

नसीम आणि मी तीन दिवस खाटेपासून हललो नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. तेव्हा त्यांचा हात नसीमच्या डोक्यावर होता, आणि माझा फोन मी बंद करून ठेवला होता.